पावणं आलं की पहिला अर्धा तास गप बसा

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, अंबाबाईच्या देवळापासनं चालत दहा मिनिटं, आणि खासबाग मैदान तर इतकं जवळ की कुस्त्या असल्या की हलगी थेट आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, ऐकू येते. असा पत्ता असला की घराला कुलूप लावायची वेळच येत नाही. नवरात्रात पावणं, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला पावणं, मे महिन्यात सुट्टीची पोरं, आणि किरणोत्सवाला तर विचारूच नका. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि नंतर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, म्हणजे मध्ये ढग आला नाही आणि कुणाची बिल्डिंग आडवी आली नाही तर. त्यामुळं बघायचं तर तिन्ही दिवस बघायचं, आणि तिन्ही दिवस राहायचं कुठं, तर आमच्याकडं.

लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या. या चौदा वर्षांत एक गोष्ट मला कळलीय ती सांगतो. (बोलताना आम्ही बायकापण 'सांगतो, येतो, जातो'च म्हणतो, लिहिताना कधी इकडं कधी तिकडं होईल, चालवून घ्या.) सगळे विचारत असतात की पाहुण्यांचं स्वागत जरा हटके कसं करायचं, काय नवीन करायचं. आमचा प्रॉब्लेम उलटा आहे. कोल्हापुरात स्वागत कमी पडत नाही ओ, जास्त होतं. पावण्याला धाप लागते.

म्हणजे बघा, माझ्या चुलत बहिणीचा नवरा, पुण्याचा, लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडं आला. मटण होतं. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं. त्याला पांढरा आवडला, आणि ते त्यानं तोंडानं बोलून दाखवलं, इथंच चुकला बिचारा. आमच्या सासऱ्यांनी वगराळं उचललं. त्यांची पद्धत अशी की म्हणणार 'थेंबभर', आणि वाटी काठोकाठ. पावण्यानं वाटीवर हात आडवा धरला तर हात काढेपर्यंत वगराळं तसंच हवेत धरून उभे राहणार, आणि वयस्कर माणूस किती वेळ उभा ठेवायचा म्हणून तो हात काढतो. सात वाट्या झाल्या. मी मोजल्या. पांढरा रस्सा दिसायला दुधासारखा गरीब, पण मटणाचं अळणी (म्हणजे मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, असलं सगळं त्यात, सात वाट्या म्हणजे खेळ नाही. जेवण झाल्यावर तो माडीवर जाऊन जो आडवा झाला तो संध्याकाळी दिवे लागले तरी उठेना, आणि बहीण मला आत बोलावून म्हणते, 'आक्का, ह्यांना रात्री पण जेवायला लागणार काय गं?'

त्या दिवशी ठरवलं की आपण काहीतरी केलं पाहिजे. स्वागत वाढवायचं नाही, त्याला लगाम घालायचा, आणि ते पण सासऱ्यांना वाईट न वाटता. हे जास्त अवघड आहे.

पहिला प्रयोग वाटीचा. मी घरात जाहीर केलं, पावण्यानं वाटी पालथी घातली की वाढायचं बंद, नो अपील. सासरे तरणेपणी तालमीत घुमलेले. ते शांतपणे म्हणाले, 'पालथा पडलेला पैलवान हरत नसतोय. पाठ टेकली तर चीत.' आणि पावण्याची पालथी वाटी उचलून सुलटी केली आणि भरली. आता याच्यावर काय बोलणार? शेवटी नियम बदलला, वाटी थेट मोरीत. मोरीतली वाटी कुणी परत आणत नाही. आता पावणं आलं की माझी लेक जेवायच्या आधीच त्यांच्या कानात सांगते, 'बास झालं की वाटी मोरीत टाका, आजोबांना तेवढंच कळतं.' एवढ्या एका वाक्यानं पावण्याचा चेहरा असा सैल होतो की बघत राहावं.

दुसरी गोष्ट म्हणजे तो अर्धा तास. मुंबईची मंडळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं येतात, सकाळी सातच्या सुमाराला स्टेशनात. रात्रभर वरच्या बर्थवर अंग मुडपून आलेला माणूस, तोंड धुतलेलं नाही, आणि दारात पाय ठेवला की आमच्याकडं आठ माणसं तोंडाकडं बघत उभी आणि प्रश्न सुरू. गाडी लेट होती काय, झोप लागली काय, आईची शुगर किती आहे आता, पोराचं लग्न कुठं जमतंय काय. तर आमच्या घरात आता नियम आहे की पहिला अर्धा तास पावण्याला काहीही विचारायचं नाही. बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, आणि आपापल्या कामाला लागायचं. सुरवातीला सासूबाईंना हे फार लागलं, त्या म्हणाल्या, 'अगं काय म्हणतील, तोंड फिरवून गेली म्हणतील.' पण एकदा त्यांची स्वतःची धाकटी बहीण आली, पंधरावीस मिनिटं सोप्यात एकटी बसली, डोळे मिटून, पाय वर घेऊन, आणि मग आपणच आत येऊन म्हणाली, 'आक्का, तुझ्या घरी लई बरं वाटतं बघ.' त्यानंतर तो नियम सासूबाईंचाच झाला. आता त्याच दुसऱ्यांना गप करतात.

पण अर्धा तास पावण्याला नुसतं बसवून ठेवायचं तर हातात काहीतरी पाहिजे. चहा नको. चहा म्हटलं की 'साखर किती', 'बिनसाखरेचा', 'आम्ही घेतच नाही', 'मग कॉफी करू', सगळा गोंधळ, आणि घरची बाई आत ओट्याशी अडकून पडते. आमच्याकडं गूळपाणी. जुनीच रीत आहे, मी काही शोध लावलेला नाही, फक्त परत चालू केली. सोप्यातल्या कोनाड्यात पितळेचा डबा, त्यात गूळ फोडून ठेवलेला, शेजारी तांब्या आणि फुलपात्री. गूळ मात्र मी स्वतः फोडते. मोठ्या रव्यातनं (गुळाच्या ढेपेला आम्ही रवा म्हणतो) बत्त्यानं, आणि तो फुटतो कसा त्यावरनं कळतं कसला आहे ते, चांगला गूळ ठक्कन फुटत नाही, जरासा दबतो आणि मग आतनं सुटतो, आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद ओलसर, कडेला बारीक बारीक खडे चमकतात. फार पिवळाधमक दिसला की मी घेत नाही, तो रंग उसाचा नसतो. डबा उघडला की काकवीचा वास येतो आणि पावणा न सांगता हात घालतो. शेजारी भाजके शेंगदाणे ठेवलेले असतात, ते मुद्दाम. ज्यांना शुगर आहे त्यांना सगळ्यांसमोर 'मला गोड नको, मला डायबेटिस' असं सांगत बसायला नको, चार शेंगदाणे तोंडात टाकले, पाणी पिलं, झालं स्वागत.

अर्थात गूळ म्हटलं की सासऱ्यांना कोण थांबवणार. अर्धा तास संपला रे संपला की ते येऊन सांगणार, शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ ला कोल्हापूरच्या गुळाला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणी कोल्हापुरी म्हणून विकायचं नाही. मागं उभी राहून माझी लेक ओठ हलवून तेच शब्द म्हणत असते, तिला पाठ झालंय.

मधे मला पण रील बघून बघून झटका आला होता. सुगंधी मेणबत्त्या आणल्या, त्या बघून शेजारच्या आज्जींनी विचारलं लाईट गेलीय काय. मग टॉवेलचा हंस. हॉटेलात करतात तसा, दोन टॉवेल मुरगाळून मान काढायची. तासभर खपून केला, पलंगावर ठेवला, आणि गावाकडनं आलेले एक काका आंघोळ करून अंगाचं पाणी निथळत तसेच उभे, शेवटी धोतराच्या सोग्यानं अंग पुसलं. विचारलं तर म्हणाले, 'ते पोरीनं केल्यालं चित्र हुतं न्हवं, मोडायचं कसं?' तेव्हापासनं टॉवेल साधा घडी घालून, पण बाथरूमच्या दारालाच. पावण्याला टॉवेल मागायला लावायचा नाही एवढं पुरे.

आणि पाटी. शाळेतली काळी पाटी, लाकडी चौकटीची, आता कुणी वापरत नाही म्हणून माळ्यावर पडलेली होती. लेक तिच्यावर खडूनं लिहिते आणि माडीच्या जिन्याशी टांगते. वायफायचा पासवर्ड, नळाला पाणी किती वाजता येतं, जिन्याची तिसरी पायरी हलते, गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, आणि खाली 'रात्री भूक लागली तर शिंकाळ्यात चिवडा आहे'. शिंकाळं बिंकाळं काही नाही, फ्रिजवर डबा आहे, पण तिला तो शब्द नवीन कळलाय. हे एवढं लिहून ठेवल्यानं किती अवघडलेपण वाचतं ते सांगून पटणार नाही. मोठी माणसं रात्री बारा वाजता अंधारात स्विच चाचपत बसतात पण कुणाला उठवत नाहीत.

थंडीत आमच्याकडं अजून तांब्याचा बंब पेटतो. गीझर आहे, पण जानेवारीत पावणा असला की बंबच. शेणी, नारळाच्या शेंड्या, दोन लाकडं, आणि परड्यात धूर. पाय धुवायला दारात तांब्याभर ऊन पाणी दिलं की मुंबईवाले डोळे मिटून 'आहाहा' करतात. तेवढ्यासाठी मी सकाळी पाचला उठते आणि मनात शिव्या घालत पेटवते, हे पण खरं.

आता फ्लेक्सची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पूर्ण होणार नाही.

नवऱ्याचे ठाण्याचे मामा आठ वर्षांनी येणार होते. सरकारी नोकरीतनं रिटायर झालेले, हळू आवाजात बोलणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमचा दीर तालमीच्या मंडळात, आणि कोल्हापुरात मंडळाच्या पोराला आनंद झाला की तो पहिल्यांदा फ्लेक्स करतो. म्हटला, वैनी, मामांचा बोर्ड लावूया, 'सहर्ष स्वागत', छोटाच, दोन बाय तीन. मला पण मजा वाटली, मी फोटो दिला, चष्मा लावलेला, लग्नातला. बोर्ड रात्री उशिरा आला आणि गडबडीत कुणी नीट न वाचता सोप्याच्या कठड्याला बांधला. सकाळी मामा रिक्षातनं उतरले, वर बघितलं, आणि हातातली बॅग खाली ठेवून बघतच राहिले. झालं होतं असं की छापणाऱ्यानं वाढदिवसाचंच डिझाईन उघडून वरची ओळ बदलली होती. मामांच्या फोटोभोवती सोनेरी महिरप, वर 'सहर्ष स्वागत', पण खाली कोपऱ्यात 'अभीष्टचिंतन' तसंच, फुगे तसेच, आणि शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या अकरा पोरांचे गॉगल घातलेले फोटो, त्यातल्या नऊ जणांना मामा माहीत पण नव्हते.

मी लाजेनं मेले. दीर म्हटला उतरवतो, तोवर समोरचे तात्या हातात गुलाब घेऊन आलेच. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा सायेब.' मामांनी फूल घेतलं. मग किराणावाले, मग दूधवाली मावशी, मग पाठीमागच्या गल्लीतल्या दोन बायका ओवाळायला निरांजन घेऊन. अर्धा तास गप बसायचा नियम त्या दिवशी पार धुळीला मिळाला. मी आत नेऊन मामांना सांगायला गेले की सॉरी, चूक झाली, लोकांना सांगते मी, तर म्हणाले, 'राहू दे गं. माझा खरा वाढदिवस तसाही कुणाला ठाऊक नाही. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून टाकला, आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा १ जूनच. आज असेल एखाद्या वेळेस.'

संध्याकाळी पोरांनी केक आणला. साध्या सुरीनं कापला, तलवार बिलवार काही नाही, मामांनी आधीच विचारून घेतलं होतं. त्या अकरा पोरांनी एकेक करून मामांना केक भरवला आणि मामांनी प्रत्येकाला विचारलं काय शिकतोस, कुठं कामाला आहेस, आणि रात्री दहा वाजेपर्यंत कट्ट्यावर त्यांच्यात बसून होते. जाताना तो फ्लेक्स गुंडाळून ठाण्याला घेऊन गेले. हॉलमध्ये लावलाय म्हणे, मामी वैतागलीय.

आता हे क्रिएटिव्ह म्हणायचं का अपघात, माहीत नाही, पण त्यावरनं माझ्या डोक्यात एक आलं की पावण्याला घरात काहीतरी काम, काहीतरी भूमिका दिली की तो लवकर रुळतो. नुसता सोफ्यावर पाहुणा म्हणून ठेवला की त्याचं अंग आखडतं. म्हणून आता बायकांना मी सरळ लसूण सोलायला बसवते. माझ्या सासूच्या काळात हे पाप होतं, पावण्याबाईला कामाला लावलं म्हणून. पण परातीभोवती बसून लसूण सोलताना ज्या गोष्टी निघतात त्या खुर्चीवर समोरासमोर बसून कधीच निघत नाहीत.

पोरांचं अवघड असतं. गेल्या मे महिन्यात मामांचाच नातू आला होता, पंधरा वर्षांचा, कानात ते पांढरं काहीतरी, मान वर करायचा नाही. पहिल्यांदा तोंड उघडलं ते माझ्या लेकीला हे विचारायला की तू मुलगी असून 'मी आलो' का म्हणतेस. सासऱ्यांनी त्याला संध्याकाळी हाताला धरून गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात, अंगातली ऊब अजून गेलेली नसते दुधातली. पोरगं म्हशीपासनं चार हात लांब उभं होतं म्हणे. म्हशीनं शेपटी मारली, त्याच्या टीशर्टवर शेणाचा पट्टा उठला, आणि तो पहिल्यांदा हसला. एक ग्लास पिऊन आला, ओठावर फेसाची मिशी तशीच, ती पुसली पण नव्हती, आणि दारातनंच ओरडला, 'काकू, म्हशीचं नाव लक्ष्मी आहे!' दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजल्यापासनं आजोबांच्या मागं लागला. (एक मात्र, धारोष्ण दूध सवय नसलेल्या पोटाला कधी कधी सोसत नाही. पुण्याच्या जावयाला आम्ही नेलं नाही, सात वाट्यांवर तो धोका नको.)

चपलांचं पण सांगायचं राहिलं. दारात एक स्टूल असू द्या. साठीच्या वरच्या माणसाला एका पायावर उभं राहून बूट काढायला लावणं हे स्वागत नव्हे. आणि आमच्या दारात दोन जोड जुन्या, तेल पिऊन मऊ झालेल्या कोल्हापुरी ठेवलेल्या असतात, पावण्यांसाठी, पानपट्टीपर्यंत जायला. नवी कोरी देऊ नका. ती करकर वाजते भारी पण पहिले आठ दिवस अंगठा सोलून काढते, आणि पावणा लंगडत अंबाबाईला गेला तर नाव आमचं जातं.

निरोपाचं काय, तर ब्लाऊजपीस मी बंद केलाय. आमच्या नात्यात एक मोरपंखी ब्लाऊजपीस गेली सहा वर्षं फिरतोय, दोनदा माझ्याकडंच परत आला. त्याऐवजी चटणी. उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली कांदालसूण चटणी, रंगाला ब्याडगी, तिखटाला जवारी, छोट्या बरणीत, वर लेकीच्या अक्षरात 'जपून'. एवढाच वानोळा. घरात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की पावण्याच्या बॅगेत याच्यावर एक गोष्ट जाता कामा नये, त्यांना गाडीत उचलून न्यायचं असतं, आग्रह नको. सासूबाईंनी मान हलवली, सासऱ्यांनी पण 'बरं बरं' म्हटलं.

परवा तीच बहीण आणि तो पुण्याचा जावई येऊन गेले. दोन दिवस राहिले, वाटी वेळेवर मोरीत गेली, कुणी काही बोललं नाही, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. सीबीएसला, म्हणजे एसटी स्टँडला, सोडून आलो. कराडच्या पुढं गेल्यावर त्याचा फोन.

'आक्का, जरा विचारायचं होतं. माझ्या सॅकमध्ये लॅपटॉपच्या जागी पाच किलोचा गुळाचा रवा आहे. लॅपटॉप कुठाय?'

सासरे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. उलटा.